छावा कुणाच्या नावावर?

झूमध्ये वाघिणीला नाहीतर सिंहिणीला पिल्लं झाली की पेपरात बातमी येते आणि ती दरवेळी एकाच साच्यातली असते. आई आणि पिल्लं सुखरूप, सीसीटीव्हीवरून लक्ष, मग दोनेक महिन्यांनी कुणी मंत्री नाहीतर महापौर येऊन बारसं करणार, नावं लोकांकडून मागवणार, आणि पुढच्या रविवारी तिकीट खिडकीवर ही रांग. मला पण आवडतात हो पिल्लं, कुणाला नाही आवडत. पण त्या बातमीत एक गोष्ट कधीच नसते, की ही पिल्लं दोन वर्षांनी मोठी झाली, आईजवळ ठेवता येईनाशी झाली की जाणार कुठे, आणि मुळात आहेत कुणाच्या मालकीची?

आम्ही सध्या पंजाबात झिरकपूरला राहतो, नवऱ्याची नोकरी चंदीगडला म्हणून, आणि छतबीर झू इथून अगदी जवळ. त्यामुळे मिरजेहून कुणीही आलं की रॉक गार्डन, सुखना लेक आणि छतबीर हे ठरलेलं. १९७७ साली सुरू झालेलं झू आहे, घग्गर नदीच्या बाजूची झाडी, पहिले काही प्राणी पार गुवाहाटीहून आणलेले. इथली प्रसिद्ध गोष्ट म्हणजे लायन सफारी. भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत आला होता तेव्हा त्याने विचारलं, आत्या हे गीरचे ना? मी म्हटलं हो, आता गीरच्याच वंशाचे आणतात. तर म्हणे, आता म्हणजे? आधी कुठले होते?

आणि मग मला ती सगळी कहाणी सांगावी लागली, जी इथे झिरकपूरमध्ये पण फार लोकांना माहीत नाही, शेजारच्या आंटी वीस वर्षं इथे राहतात त्यांनाही नव्हती.

झालं असं होतं की ऐंशीच्या दशकात इथल्या आशियाई सिंहांची आफ्रिकन सिंहांबरोबर पैदास झाली, आणि हे आफ्रिकन सिंह आले होते फिरत्या सर्कशींकडून. सिंहांचं कसं आहे, पिंजऱ्यात त्यांना पिल्लं होणं ही काही मोठी कामगिरी नसते. साधारण ११० दिवसांत सिंहीण विते, एका वेळी दोन-चार छावे, नर-मादी एकत्र ठेवले की झालं. पांडासारखं डॉक्टरांनी डोकं धरून बसायची गरज नाही. त्यामुळे छतबीरमध्ये आकडा चढत गेला, चढत गेला, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो सत्तर-ऐंशीच्या घरात पोचला होता. पण त्यातले कितीतरी धड नव्हते. मागचे पाय कमजोर, नीट उभं राहता येईना, प्रतिकारशक्ती कमी, झालेली जखम भरेना. त्या पिल्लांची आपापसात पुन्हा पैदास होत राहिली ते वेगळंच. शेवटी २००० च्या सुमाराला हे थांबवायचं ठरलं, नरांची नसबंदी केली, आणि जे आहेत ते आपल्या मरणाने जातील, नवीन होऊ द्यायचे नाहीत असं धोरण आलं. मग कित्येक वर्षं या झूमध्ये म्हातारे, लंगडे, नसबंदी केलेले सिंह एकेक करून संपत गेले. मारले नाहीत, विकले नाहीत, नुसते सांभाळले. गीरच्या वंशाचे सिंह आणायचे तर आधी हे संपायला हवे होते, म्हणजे वाट बघणं हीच योजना.

भाचा म्हणाला, पण सिंह म्हणजे सिंह ना, त्यात काय फरक?

फरक आहे. गीरचा सिंह आज जंगली अवस्थेत जगात फक्त गुजरातमध्ये आहे. २०२० ला ६७४ मोजले, २०२५ च्या गणतीत ८९१ झाले, छान वाटतं ऐकायला, पण हे सगळे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उरलेल्या मूठभर सिंहांचे वंशज आहेत. एखादी साथ आली तर पंचाईत. म्हणून झूमधले आशियाई सिंह हा एक प्रकारचा मागे ठेवलेला साठा, आणि त्याच साठ्यात तुम्ही कुठून आला माहीत नसलेला सर्कशीतला नर मिसळला तर साठ्याचा उपयोगच संपतो, कारण एकदा मिसळलेलं परत वेगळं करता येत नाही. आणि हे काही एकट्या पंजाबने केलं असं नाही. अमेरिकेतल्या झूंनी आशियाई सिंहांचा मोठा ब्रीडिंग प्रोग्राम चालवला होता, १९८७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांच्या रक्ताची तपासणी केली तर कळलं की ज्या पाच सिंहांपासून सगळा वंश सुरू झाला त्यातले दोन आफ्रिकन रक्ताचे होते. एवढ्या वर्षांची मेहनत, एवढे सिंह, सगळं बाद.

इथे एक सांगते, मी सर्कशीला शिव्या घालायला बसलेली नाही. मी मिरजेची. आमच्या त्या पट्ट्यात सर्कस म्हणजे घरचा विषय. भारतातली पहिली देशी सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे, कुरुंदवाडच्या संस्थानात घोड्यांचं काम बघायचे, मुंबईत इटालियन चियारिनीची सर्कस बघून आले आणि २० मार्च १८८० ला स्वतःच्या ग्रेट इंडियन सर्कसचा खेळ लावला. म्हैसाळची देवल सर्कस, तासगावच्या माळींची सर्कस, ही नावं माझे आजोबा अशी घ्यायचे जशी लोक नातेवाइकांची घेतात. पुण्याचे दामू धोत्रे तर थेट अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्समध्ये वाघ-सिंह-बिबट्यांचे खेळ करून आले, चाळीसच्या दशकात. आजोबांचं म्हणणं असायचं की आपल्या माणसाने गोऱ्या लोकांना वाघ खेळवून दाखवला. ते खोटं नाही, आणि त्या माणसांचं धाडस आणि जनावरावरची मायासुद्धा खोटी नाही. सर्कशीचा तंबू पडला की रात्री आकाशात तो लाइटचा झोत फिरायचा आणि आमच्या वाड्यातली सगळी पोरं गच्चीवर, हे मी पण केलंय.

पण सर्कशीच्या धंद्यात जनावर कुठून येतं आणि कुठे जातं हे कुणी विचारत नव्हतं. सर्कसवाल्याला सिंहाची वंशावळ कशाला हवी? त्याला भरघोस आयाळ हवी, आणि ती आफ्रिकन नराला जास्त दाट असते. त्याला माणसाची सवय झालेलं, लहानपणापासून हातावर वाढवलेलं पिल्लू हवं, कारण मोठं जनावर शिकवणं अवघड. सर्कस सतत फिरणार, आज सोलापूर उद्या हुबळी, पिंजरे एवढे एवढे, गाभण वाघीण ट्रकमधून नेणं धोक्याचं, पिल्लं झाली की आई रिंगमध्ये जाणार कशी? म्हणजे सर्कशीला बाळंतपणासाठी एक शांत, स्थिर जागा लागते, जिथे डॉक्टर आहे, मटण रोज येतं, आणि खर्च दुसरा कुणीतरी करतो.

आणि झूला काय लागतं? पिल्लं. बस्स.

दोघांच्या गरजा इतक्या फिट्ट बसतात की कुणीतरी मुद्दाम जुळवल्यासारखं वाटतं, वरपक्षाला हुंडा नको आणि वधूपक्षाला मानपान नको असं स्थळ. झूला जनावर विकत घ्यावं लागत नाही, ते 'लोन'वर येतं. मालकी सर्कशीकडेच राहते. झूमध्ये पिल्लं होतात, गर्दी होते, तिकिटं खपतात, आणि मग पिल्लांची वाटणी.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं सिनसिनाटी झू आणि पांढरे वाघ, आणि त्याची एक बाजू आपल्या मध्य प्रदेशातल्या रीवापर्यंत येते. १९५१ ला रीवाच्या महाराज मार्तंडसिंहांनी एक पांढरा बछडा पकडला, मोहन. त्याची एका साध्या पिवळ्या वाघिणीशी जोडी लावली तर सगळी पिल्लं पिवळी. मग त्यातल्याच एका मुलीशी, राधाशी, जोडी लावली, म्हणजे बाप आणि लेक, तेव्हा पांढरी पिल्लं झाली. कारण पांढरा रंग हा दोन्हीकडून आला तरच दिसतो, म्हणून पांढरा वाघ पाहिजे तर जवळच्या नात्यातच जोडी लावायची, दुसरा शॉर्टकट नाही. त्या पिल्लांतली मोहिनी १९६० ला वॉशिंग्टनच्या झूमध्ये गेली. तिची लेक केसरी.

आता दुसरी बाजू. १९७२ मध्ये इंडियानातल्या पेरू नावाच्या गावी, जिथे अमेरिकन सर्कशी हिवाळ्यात मुक्काम करायच्या, तिथे भाऊ-बहीण वाघांच्या जोडीला पांढरा बछडा झाला, टोनी. त्याला हॉथॉर्न सर्कसने घेतलं. आणि हा सर्कशीच्या मालकीचा टोनी सिनसिनाटी झूमध्ये लोनवर गेला, केसरीसाठी. जून १९७६ मध्ये पिल्लं झाली, त्यातले भीम आणि सुमिता हे सख्खे भाऊ-बहीण झूने ठेवून घेतले आणि त्यांच्याकडून पुढे वर्षानुवर्षं पांढरी पिल्लं काढली. भीम आणि सुमिता! नावं आपली, धंदा त्यांचा. तिथले पांढरे वाघ पुढे लास व्हेगासच्या सीगफ्राइड आणि रॉय या जादूगार जोडीकडे पण गेले. म्हणजे सर्कशीतून झूत आणि झूतून स्टेजवर, पूर्ण चक्र. आणि हे सगळं चालू असताना येणारा माणूस पिंजऱ्यासमोर उभा राहून काय समजत होता, की झू एक दुर्मिळ जात वाचवतंय. पांढरा वाघ ही जातच नाही! तो नेहमीचाच वाघ, रंगाचा एक दोष असलेला. त्या रंगाबरोबर डोळ्यांच्या नसांची जोडणी बिघडते, म्हणून बरेच पांढरे वाघ तिरळे असतात, आणि नात्यातल्या पैदाशीने बाकीचं जे व्हायचं ते होतंच. अमेरिकन झूंच्या संघटनेने असल्या रंगासाठी मुद्दाम पैदास करू नका असं स्पष्ट धोरण आणलं ते २०११ मध्ये. म्हणजे टोनी-केसरीनंतर ३५ वर्षांनी.

(आपणही काही कमी नाही. कोलकात्याच्या अलिपूर झूने सत्तरच्या दशकात वाघ आणि सिंहिणीचा संकर करून टायगॉन काढले, आणि मग रुद्राणी नावाच्या टायगॉनची सिंहाशी जोडी लावून लिटायगॉन. बघायला गर्दी व्हायची. कशासाठी हे केलं याचं धड उत्तर मला कुठे सापडलं नाही.)

इंग्लंडमधली केस जरा अलीकडची. ब्रिस्टलजवळ रॅक्सॉल म्हणून गाव आहे, तिथे नोआज आर्क झू फार्म. २००९ मध्ये कॅप्टिव्ह ॲनिमल्स प्रोटेक्शन सोसायटी या संस्थेच्या माणसाने तिथे आत काम करून माहिती काढली, बीबीसीवर आली, की या झूतले वाघ ग्रेट ब्रिटिश सर्कसशी संबंधित आहेत आणि इथे त्यांची पैदास होतेय. मोठा गदारोळ झाला. आणि तो वाघांना मारलं झोडलं म्हणून झाला नाही, हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. लोक चिडले ते यासाठी की आपण मुलांना घेऊन झू बघायला गेलो, तिकीट काढलं, आणि आपल्या पैशाने सर्कशीचा वाघ पोसला गेला, आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही. ब्रिटनच्या झूंच्या संघटनेने, बियाझाने, डिसेंबर २००९ मध्ये त्यांचं सदस्यत्व काढून घेतलं. कारणं दिली ती सुद्धा अशीच, मागितलेली माहिती दिली नाही, प्राण्यांची देखभाल आणि देवाणघेवाण याची पद्धत पाळली नाही. पुढे इंग्लंडमध्ये फिरत्या सर्कशीत जंगली प्राणी वापरायला बंदी घालणारा कायदा झाला, २०१९ चा, २० जानेवारी २०२० पासून लागू. पण त्या कायद्यात बंदी आहे ती वापरावर, म्हणजे खेळ आणि प्रदर्शन. सर्कसवाल्याच्या नावावर वाघ असू नये असं तो म्हणत नाही.

भारतात कायद्याचं चित्र बरंच बरं आहे, आणि हे मी उगाच देशाभिमानाने म्हणत नाहीये. १४ ऑक्टोबर १९९८ ला केंद्र सरकारने अधिसूचना काढली की अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करायचे नाहीत, शिकवायचं पण नाही. सर्कसवाले कोर्टात गेले, केरळ हायकोर्टात २००० मध्ये हरले, सुप्रीम कोर्टात १ मे २००१ ला हरले. आणि मग प्रश्न आला की आता देशभरातल्या सर्कशींमधले हे शेकडो वाघ-सिंह ठेवायचे कुठे. तेव्हा सेंट्रल झू ऑथॉरिटीने, म्हणजे देशातल्या झूंवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, विशाखापट्टणम, तिरुपती, बंगळूरजवळ बन्नेरघट्टा, जयपूर, भोपाळ, चेन्नईजवळ वंडलूर अशा ठिकाणी रेस्क्यू सेंटर काढली. आणि त्यांना दोन अटी घातल्या ज्या मला पूर्ण विषयाचा गाभा वाटतात. एक, ही जनावरं लोकांना दाखवायची नाहीत. दोन, यांना पिल्लं होऊ द्यायची नाहीत.

बघा हं, या दोन अटींनी झूचा सगळा फायदा काढून घेतला. तिकीट नाही, बारसं नाही, पेपरात फोटो नाही. उरतो तो नुसता खर्च, एका सिंहाला दिवसाला आठ-दहा किलो मांस, आठवड्यातून एक दिवस उपास, आणि असं वर्षानुवर्षं. फायदा काढून घेतल्यावरही जो सांभाळतो तो खरंच सांभाळतोय. त्या सर्कशीच्या पिढीतले बहुतेक वाघ-सिंह आता म्हातारपणाने गेले सुद्धा. कुठलं केंद्र बंद झालं, कुठे त्या पिंजऱ्यांत आता गावात शिरलेले बिबटे आहेत. याची बातमी होत नाही, कारण बातमीत सांगणार काय, की अठरा वर्षांची सिंहीण मेली आणि तिच्यामागे कुणी नाही?

मला माहितीय इथे काही लोकांना हे पटणार नाही. माझी मैत्रीण पशुवैद्य आहे, ती म्हणते की पैदास बंद करणं म्हणजे काही फुकटची दया नव्हे. नराचं अंडकोष काढून खच्चीकरण केलं तर सिंहाची आयाळ गळते, म्हणून नसबंदी करतात, पण मग नर मादीवर चढतच राहतो, मादी माजावर येतच राहते, शरीराला वाटतं गर्भ राहिला, तसं पुन्हा पुन्हा. मादीला हार्मोनचं इम्प्लांट द्यावं तर जुन्या इम्प्लांटनी मोठ्या मांजरांत गर्भाशयाचे आणि स्तनांचे कॅन्सर वाढलेले दिसले आहेत. वेगळं ठेवावं तर सिंह हा कळपाचा प्राणी, एकटा ठेवणं हीच शिक्षा. आणि पिल्लं वाढवणं हेच पिंजऱ्यातल्या सिंहिणीच्या आयुष्यातलं सगळ्यात भरगच्च काम, ते काढून घेतलं तर तिने दिवसभर करायचं काय?

यावर युरोपातल्या काही झूंचं उत्तर सरळ आहे, की होऊ द्या पिल्लं, आईला वाढवू द्या, आणि मोठी होऊन जास्त झाली तर मारून टाका. कोपनहेगन झूने फेब्रुवारी २०१४ मध्ये मारियस नावाचा धडधाकट जिराफ मारला आणि सिंहांना खायला घातला ते आठवत असेल, जगभर बोंबाबोंब झाली होती, मग पुढच्याच महिन्यात त्याच झूने चार सिंह मारले, नवीन नर आणायचा होता म्हणून. मला ते बघवत नाही, पण एक गोष्ट मान्य करावी लागते, त्यांनी ते लपवलं नाही. नको असलेली पिल्लं गुपचूप सर्कशीला, डीलरला, कुणाच्या तरी खासगी फार्मला देऊन हात झटकण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे. आपल्याकडे ते चालणार नाही, चालू पण नये, वाघ-सिंहाला झूमध्ये गोळी घालायची कल्पनासुद्धा इथे कुणी सहन करणार नाही. आणि म्हणूनच आपल्याला दुसरा रस्ता जास्त कडक पाळावा लागतो, मारायचं नाही तर जन्माला पण घालायचं नाही, जोपर्यंत त्या पिल्लाची जागा आधी ठरलेली नाही. मैत्रिणीला मी हेच म्हटलं. ती म्हणाली, तू सिंहीण नाहीस म्हणून सोपं आहे बोलायला. आता यावर काय बोलणार, पण मला माझं म्हणणं अजून बरोबर वाटतं.

आणि पैदास करायचीच तर कशी करायची याचं पण उदाहरण आहे की. नोव्हेंबर २०२२ मध्ये बोरीवलीच्या नॅशनल पार्कात जुनागढच्या सक्करबाग झूमधून सिंहांची जोडी आली, मानस आणि मानसी, त्या बदल्यात आपल्याकडून वाघांची जोडी तिकडे गेली. सक्करबाग हे १८६३ पासूनचं झू, गीरच्या सिंहांच्या पैदाशीचं मूळ ठिकाण. तिथल्या सिंहाचे आई-बाप कोण, आजी-आजोबा कोण हे स्टडबुकात, म्हणजे वंशावळीच्या वहीत, लिहिलेलं असतं, आणि अशी देवाणघेवाण करायला सेंट्रल झू ऑथॉरिटीची आधी परवानगी लागते, मान्यता असलेल्या झूमधूनच जनावर घ्यायचं, मान्यता असलेल्यालाच द्यायचं. इथे पिल्लू झालं तर ते कुणाचं आणि कशासाठी हे विचारलं की उत्तर मिळतं. सर्कशीच्या टोनीचं, छतबीरच्या त्या पहिल्या आफ्रिकन सिंहांचं असं काही नव्हतं.

गंमत म्हणजे आपल्या वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनंतर झूच्या व्याख्येत सर्कसपण येते! म्हणजे दोघांवर लक्ष ठेवणारं ऑफिस एकच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता, की सर्कशीला झूचा दर्जा कसला देताय. पण नंतर लक्षात आलं की यानेच तर सर्कशीतल्या प्राण्यांची तपासणी करायचा, मान्यता काढून घ्यायचा अधिकार मिळाला, आणि झू वेगळं सर्कस वेगळी असं म्हणून मधल्यामध्ये जनावर सरकवायची वाट बंद झाली.

तर भाच्याला मी घरी आल्यावर लॅपटॉपवर एक गोष्ट दाखवली, तुम्हाला पण सांगते कारण ती सगळ्यांना बघता येते. सेंट्रल झू ऑथॉरिटी दरवर्षी देशातल्या झूंची प्राण्यांची यादी साइटवर टाकते. झूप्रमाणे, प्राण्याप्रमाणे. वर्षाच्या सुरुवातीला किती, जन्म किती, बाहेरून आले किती, बाहेर दिले किती, मेले किती, शेवटी उरले किती. नर, मादी, आणि लिंग न कळलेले असे रकाने. दिसायला अगदीच कंटाळवाणं, रेशन दुकानाच्या रजिस्टरसारखं, पण एकदा वाचायची सवय लागली की सोडवत नाही. ज्या झूमध्ये वर्षानुवर्षं जन्माच्या रकान्यात पिल्लं आहेत आणि मृत्यूच्या रकान्यात पण जवळपास तेवढेच आहेत तिथे काहीतरी शिजतंय. बाहेर दिलेल्यांचा आकडा मोठा असेल तर ते गेले कुठल्या झूला हे माहिती अधिकारात विचारता येतं, दहा रुपयांचा अर्ज. भाच्याने आमच्या कोल्हापूर-सांगलीच्या बाजूचं काही सापडतंय का बघितलं, मग पुण्याचं कात्रज काढलं, मग म्हणाला आत्या पांढऱ्या वाघांचा वेगळा रकाना का आहे, ते तर वेगळी जात नाहीत ना म्हणालीस? मी म्हटलं हा प्रश्न तू त्यांनाच ईमेल करून विचार. त्याने केलाय ईमेल, इंग्रजी मी तपासून दिलं, अजून उत्तर आलेलं नाही.